गट नंबर नसलेला नकाशा

छत्तीस वर्षं मी धुळे तालुक्यात साखळी ओढली.
भावाभावांमधले हातभर बांध मोजले.
एका बोरीपायी दोन घरं अठरा साल बोलली नाहीत,
ती बोरही मोजली.
रिटायर झालो तेव्हा खात्यानं शाल दिली,
मोजणीची सवय तेवढी परत घ्यायची राहिली.

मग देवरे मॅडम आल्या, शाळेत खेळ शिकवतात,
आठ दिवसांचं कसलंसं शिबिर करून परतलेल्या.
"आप्पा, असा एक खेळ आहे.
हातात नकाशा, होकायंत्र, आणि पळायचं."
"कुठे पळायचं?"
"तेच तर शोधायचं."

त्यांच्या नमुन्यावर जंगल पांढरं होतं,
उघडं रान पिवळं,
आणि हिरवं जितकं गडद तितकं अंग ओरबाडणारं.
मी आयुष्यभर हिरवं म्हणजे बागायत समजत आलो.
गट नंबर कुठे टाकू? नाही टाकायचा.
पोटहिस्सा? नाही.
मालकाचं नाव?
त्या हसल्या. इथून जाता येतं का, एवढंच लिहा,
आणि जाताना किती दम लागतो.

दिवाळी ते संक्रांत लळिंगच्या कुरणात हिंडलो.
कमरेहून उंच प्रत्येक दगड कागदावर घेतला.
वनरक्षकाला वाटलं म्हातारा गुप्तधन शोधतोय,
दोनदा त्यानं माझी पिशवी उलटी केली:
भाकरी, लसणाची चटणी, खोडरबर.

युसूफ मास्तरांनी झेंडे शिवले,
अर्धे नारिंगी, अर्धे पांढरे.
"कोणत्या पार्टीचे?"
"निवडून न येणाऱ्या."
त्यांनी शिलाई घेतली नाही.

ऑफिसातल्या अर्जात या खेळाला रकाना नव्हता,
कारकुनानं 'इतर'वर खूण केली.
इंग्रजी नाव पोरांच्या तोंडात बसेना.
झेंडा शोधताना सगळी एकमेकांना ओरडून विचारत,
कथा शे? कथा शे?
तेच नाव पडलं.
चला रे, कथाशे खेळू.

पहिल्या शर्यतीला एक्केचाळीस पोरं, होकायंत्रं चार.
त्यातलं एक डब्याच्या झाकणाला उत्तर समजायचं.
सात नंबरचा झेंडा ठेलाऱ्यांच्या मेंढीनं खाल्ला,
तिच्या तोंडात नारिंगी दोरे पाहून
मॅडमनी सगळ्यांना सात माफ केला.

सगळ्यांच्या आधी आली रोशनी मालचे.
नकाशाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
लाकडं वेचून वेचून पायांना डोंगर पाठ,
सगळे झेंडे गाठले,
पण पाचाच्या नंतर तीन.
क्रम चुकला. बाद.

मला वाटलं रडेल.
ती माझ्याकडे आली, घडी उघडली, बोट ठेवलं.
"आठे झिरा शे, आप्पा.
तुमना नकाशामा नही."

दुसऱ्या दिवशी तिच्या मागून गेलो.
निवडुंगाच्या पलीकडे दोन काळे दगड,
मधे ओंजळभर पाणी, काठावर मधमाशा.
खाली हायवेचे ट्रक खेळण्याएवढे.
छत्तीस वर्षांत मी या खडकापासून
शंभर पावलांवर तीनदा तरी साखळी पसरली असेल.
त्या पाण्यावरून कधी कोणी भांडलं नाही,
म्हणून माझ्या एकाही कागदावर ते नव्हतं.

निळं पेन घरात एकच निघालं, नातवाचं.
एक ठिपका दिला.
हात जरा थरथरला, ठिपका झिऱ्याहून मोठा झाला.

पुढच्या रविवारी एकोणीसच पोरं आली.
काही कापूस वेचायला, काही क्रिकेटला.
रोशनी उताराच्या टोकाला उभी,
कागद फिरवते, डोंगराशी जुळवते,
पाऊल उचलते, परत ठेवते.
मॅडम घड्याळ बघतात. मी ओरडणार होतो, उजवीकडे.
नाही ओरडलो.